एका ट्रायकोकार्डासाठी चार हेलपाटे

आधी हे सांगून ठेवतो: ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा ही बारीक मित्रमाशी ज्यांच्या आत वाढते ती अंडी चिकटवलेला कागद, हातात पडलं की माशी बाहेर पडायची तारीख वाचा. मी वाचली नव्हती.

दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस, आत टोमॅटो. कामगंध सापळ्यात टुटाचे, म्हणजे टोमॅटोची पानं-फळं पोखरणाऱ्या किडीचे, पतंग दिसायला लागले. २०१४ मध्ये देशात पहिल्यांदा ही कीड सापडली तीही आपल्या पुण्यातच. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांत बसते, फळात शिरली तर देठाजवळ टाचणीएवढं भोक. फवारण्या करून हात टेकले, म्हणून ट्रायकोग्रामा.

प्रयोगशाळा जिल्ह्याच्या गावी. पहिला हेलपाटा: "फोनवर मागणी घेत नाही, अर्ज आणा." दुसरा: सातबारा जोडलेला नाही. तिसरा: पैसे भरले, आता आठवडा थांबा. हे मात्र मला पटलं. कार्डं गोदामात साठवून ठेवायची वस्तू नव्हे. तांदळावरच्या पतंगाची अंडी चिकटवायची, त्यांत माशीला अंडी घालू द्यायची, ती काळी पडली की कार्ड तयार.

चौथ्या खेपेला साहेबांनी कपाटातून पाकीट काढलं. फ्रिजमधून नाही, कपाटातून! शुक्रवारी तयार झालेलं कार्ड, मी गेलो सोमवारी. घरी ओट्यावर पाकीट उघडलं तर मिरपूड सांडल्यासारखी दिसली. फुंकर मारली आणि मिरपूड चालायला लागली. बायको म्हणाली, "अहो, हे काय आणलंत स्वयंपाकघरात?" एका कार्डावर साधारण २०,००० अंडी असतात. किती माश्या पॉलिहाऊसपर्यंत पोचल्या, देव जाणे.

नुसतं 'ट्रायकोकार्ड' मागू नका, उसाच्या खोडकिडीचं देतील. टुटासाठी अचिए किंवा प्रेटिओसम जातीच्या माशीचं म्हणून सांगा. ही माशी किडीची फक्त अंडी मारते, पानात शिरलेल्या अळीला हात लावत नाही. त्यामुळे सापळ्यात पहिले पतंग दिसले की लगेच मागणी नोंदवा, पानं करपायची वाट बघू नका. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाखाली टाचायच्या. हो, आणि त्या आठवड्यात रासायनिक फवारणी बंद, नाहीतर आपणच आणलेल्या माश्या आपणच मारायच्या.

दर आठवड्याला एक याप्रमाणे पुढची सहा कार्डं लावली. फळांवरची भोकं कमी झाली, हे मी तोडणीच्या क्रेटमध्ये स्वतः मोजलंय.

आता कार्ड तयार झाल्याचा फोन आला की त्याच दिवशी बर्फाची पिशवी टाकलेला डबा घेऊन दारात हजर. शिपाई विचारतो, "दादा, मासळी आणलीत का?"