बल शिकवताना: कोण लावतंय, कोणावर?

सातवी-आठवीला बल शिकवायला घेतलं की पहिल्याच तासाला फळ्यावर व्याख्या लिहायचा मोह होतो. मुलं ती उतरवून घेतात, पाठ करतात, पेपरात जशीच्या तशी लिहितात. पण सरळ वर फेकलेला चेंडू अजून वर जात असताना त्याच्यावर कोणती बलं आहेत, असं विचारलं की बहुतेक हात वर येतात ते एकच उत्तर घेऊन: "हाताचं बल!" चेंडू तर हातातून कधीच सुटलेला असतो. हे दरवर्षी पाहिल्यावर मी व्याख्या बाजूला ठेवली आणि बलाचा धडा या चेंडूपासूनच सुरू करू लागले.

चेंडूचं उत्तर मुलं उगाच देत नाहीत. ढकलत राहिलं तर वस्तू चालते, ढकलणं थांबवलं की थांबते, हे त्यांनी जन्मापासून पाहिलेलं असतं. अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं जवळपास हेच होतं. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाँ या तत्त्वज्ञाने तर असंही मांडलं की, फेकणारा वस्तूत एक प्रेरणा भरून देतो आणि तिच्या जोरावर वस्तू पुढे जात राहते. माझ्या वर्गातली मुलं नेमकं हेच स्वतःच्या शब्दांत सांगत असतात. ही समजूत मोडायला गॅलिलिओचे उतारावरून गोळे सोडण्याचे प्रयोग लागले आणि न्यूटनचे गतीचे नियम छापून यायला 1687 साल उजाडलं. हा इतिहास मी वर्गात आवर्जून सांगते. इतक्या मोठमोठ्या डोक्यांनाही तेच वाटलं होतं म्हटल्यावर मुलं आपलं मत लपवत नाहीत, आणि मत बाहेर आलं तरच त्याच्याशी झुंजता येतं.

मग वहीत एक वाक्य लिहून घेते. दोन जागा रिकाम्या: "____ हे ____ वर बल लावतं." बलाचं नाव घ्यायचं तर दोन्ही जागा भरल्याच पाहिजेत. शिवाय एक अट. पहिल्या जागेतली वस्तू दुसरीला त्या क्षणी टेकलेली असली पाहिजे. न टेकता लावायची मुभा फक्त तिघांना: गुरुत्वीय, चुंबकीय आणि विद्युत बल. एवढंच. आता चेंडूकडे परत जायचं. चेंडूला काय टेकलंय? हवा. न टेकता कोण ओढतंय? पृथ्वी. हात? टेकलेला नाही, आणि त्या तिघांतही बसत नाही. मुलं स्वतःच ती ओळ खोडतात, पण खोडताना कुरकुरतात. "मग तो वर का जातोय?" हा प्रश्न मी मुद्दाम लगेच सोडवत नाही. जडत्वाच्या, म्हणजे बल लागल्याशिवाय वस्तूची गती बदलत नाही या गुणाच्या, तासापर्यंत तो फळ्याच्या कोपऱ्यात तसाच राहतो.

सगळ्यात जास्त वेळ मी देते तो टेबलावरच्या पुस्तकाला. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, हे लगेच मान्य होतं. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, हे मात्र कोणालाच पटत नाही. "टेबल काय ढकलणार? ते फक्त मध्ये आलंय." इथे अधिकाराने सांगून काही उपयोग होत नाही. मी पुस्तक आधी फोमच्या जाड तुकड्यावर ठेवते. फोम दबतो. तळहात ठेवून दाबायला सांगितलं की फोम हाताला वर रेटतोय हे जाणवतं. मग दोन ठोकळ्यांवर आडवी टाकलेली पातळ फळी. पुस्तक ठेवलं की ती मध्ये वाकते, उचललं की सरळ होते. मग थोडी जाड फळी, तिचा बाक डोळे बारीक करून पाहावा लागतो. आणि शेवटी टेबल. "हे वाकत नाही!" असं कोणीतरी म्हणतंच. त्या क्षणासाठी मी टेबलावर छोटा आरसा ठेवलेला असतो. तिरका धरून बसवलेल्या लेसरचा किरण त्यावरून परावर्तित होऊन लांबच्या भिंतीवर पडतो. (लेसर मीच हाताळते, आणि किरण कोणाच्या डोळ्यांच्या पातळीत येणार नाही हे आधी बघून घेते.) टेबलाच्या मधोमध दोन्ही हातांनी जोर दिला की भिंतीवरचा ठिपका सरकतो, आणि सोडला की जागेवर येतो. टेबलही दबतं, फक्त डोळ्यांना दिसणार नाही इतकं थोडं. त्यानंतर वहीतलं वाक्य आपोआप भरलं जातं: टेबल हे पुस्तकावर बल लावतं. संतुलित बलं समजावायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. खाली ओढणारं आणि वर ढकलणारं बल सारखं, म्हणून पुस्तक स्थिर.

दुसरा मोठा टप्पा ताणकाट्याचा, म्हणजे स्प्रिंग किती ताणली त्यावरून बल मोजणाऱ्या काट्याचा. त्याआधी हातावर 100 ग्रॅमचं वजन ठेवते. न्यूटन हे बल मोजायचं एकक; पृथ्वी त्याला जवळपास 1 न्यूटन बलाने ओढते, म्हणजे न्यूटन केवढा ते तळहातालाच कळतं. मग लाकडी ठोकळ्याला ताणकाटा अडकवून आडवं ओढायचं, अगदी सावकाश. काटा 1 दाखवतो, ठोकळा हलत नाही. 2 दाखवतो, तरी नाही. 3 च्या जवळ गेल्यावर एकदम सुटतो आणि काटा खाली येतो. आता एकसारख्या चालीने ओढत राहा म्हणते. काटा 2 च्या आसपास राहतो. प्रश्न: आता घर्षण किती? जवळजवळ सगळे म्हणतात, "2 पेक्षा कमी, कारण ठोकळा पुढे चाललाय." मी "बरोबर" म्हणत नाही आणि "चूक"ही म्हणत नाही. फक्त विचारते: ओढणारं बल जास्त असेल तर ठोकळ्याचं काय होईल? कोणीतरी म्हणतं, वेग वाढत जाईल. वाढतोय का? नाही. मग? त्या शांततेत मुलांच्या चेहऱ्यावर जे चाललेलं असतं त्यासाठी मी हा धडा शिकवते. घर्षणही 2 च आहे. चालती वस्तू आणि संतुलित बलं एकत्र राहू शकतात, हे मान्य झालं की बलाचं अर्धं काम झालं. बल लागतं ते वेग किंवा दिशा बदलायला. ठोकळ्याचा वेग तसाच ठेवायलाही ओढावं लागलं, ते केवळ घर्षण होतं म्हणून.

आता कोपऱ्यातला चेंडूचा प्रश्न उघडायचा. चेंडू वर जातोय कारण हात सोडताना त्याला वरचा वेग होता. पृथ्वी तो वेग सतत कमी करते, शून्यावर आणते आणि मग खालच्या दिशेने वाढवत नेते. अगदी टोकाला, वेग शून्य असतानाही पृथ्वीचं बल तेवढंच असतं. इथे मी व्हॉयेजर 1 ची गोष्ट सांगते. 1977 मध्ये सुटलेलं हे यान सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललंय, आणि त्याला पुढे ढकलणारं कोणतंही इंजिन चालू नाही. "मग कोण ढकलतंय?" असं एखादं मूल विचारतंच. उत्तर बहुतेक वेळा शेजारच्या बाकावरून येतं: "कोणीच नाही."

वस्तुमान (वस्तूत द्रव्य किती) आणि वजन (गुरुत्व तिला किती बलाने ओढतं) यांवर मी फार रेंगाळत नाही. 1 किलोग्रॅमच्या वस्तूचं वजन पृथ्वीवर 9.8 न्यूटन, चंद्रावर सुमारे 1.6 न्यूटन, वस्तुमान दोन्हीकडे तेच. ताणकाटा हाताशी असला की मुलांना हे पटकन समजतं.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमासाठी दोन सारखे ताणकाटे एकमेकांत अडकवते. वर्गातल्या सगळ्यात दणकट मुलाच्या हातात एक, सगळ्यात बारक्या मुलीच्या हातात दुसरा. कोणाचा काटा जास्त दाखवेल, यावर आधी मत घ्यायचं. दोघं ओढतात आणि वर्ग काट्यांवर वाकतो. दोन्ही आकडे सारखे. पुन्हा ओढायला लावतात, तरी सारखे. मग मुलगा म्हणतो, "मी मुद्दाम हळू ओढतो." तरीही दोन्ही काटे बरोबरच खाली येतात. वहीतलं वाक्य उलटं केलं की हाच नियम मिळतो: अ हे ब वर बल लावतं, तर ब हे अ वर तेवढंच, विरुद्ध दिशेने. ही दोन बलं वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत, म्हणून ती एकमेकांना संतुलित करत नाहीत. टेबलावरच्या पुस्तकाची दोन बलं मात्र एकाच पुस्तकावर होती. हा फरक मी दोन आकृत्या शेजारी शेजारी काढून दाखवते, नाहीतर गोंधळ दहावीपर्यंत पाठ सोडत नाही.

या टप्प्यावर विचारते, चालताना तुम्हाला पुढे कोण ढकलतं? "आमचे पाय" हे उत्तर येतं आणि लगेच कोणीतरी आक्षेप घेतं की पाय तर आपलेच, बल दुसऱ्याने लावायला हवं. मग वाक्य तयार होतं: मी जमिनीला मागे ढकलतो, जमीन मला पुढे ढकलते. गुळगुळीत ओल्या फरशीवर चालणं का जमत नाही, हे ती पुढे स्वतःच सांगतात. त्यानंतरच मी बाण काढायला शिकवते, लांबी म्हणजे परिमाण आणि टोक म्हणजे दिशा, आणि प्रत्येक बाणाशेजारी ते दोन रिकाम्या जागांचं वाक्य भरून लिहायला लावते.