अंजिराला कात्री लावताना

सासवडच्या पुढे आम्ही घर बांधलं तेव्हा सासूबाईंनी एकच गोष्ट मागितली होती: दारात अंजीर हवं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यांच्या लेखी त्याचं मोल लहानपणापासूनचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ते काम अंगावर घेतलं.

पहिलं झाड मेलं. आमच्याकडे वर वीतभर माती आणि खाली घट्ट मुरूम. जूनमध्ये पहारीने दोन फूट लांब, रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घेतला, शेणखत घातलं, रोप लावलं. जुलैच्या झडीनंतर पानं पिवळी पडून गळायला लागली. उपटून पाहिलं तर मुळं काळी पडलेली, बोटाने ओढली की साल सुटून हातात येत होती आणि कुजका वास. तळाशी पाणी साचलं होतं. शेजारी अण्णांची अंजिराची बाग आहे. ते बघायला आले आणि म्हणाले, "ताई, मुरमातला खड्डा म्हणजे हौदच की. आधी बादलीभर पाणी ओतून बघायचं. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच असलं तर तिथं झाड लावायचं नाही, नाहीतर पाण्याला वाट काढायची." फार वाईट वाटलं. एवढं साधं विचारून घ्यायला हवं होतं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच खड्डा घेतला, मे महिनाभर तापू दिला आणि उताराच्या बाजूने चर काढला. भरताना खाली पालापाचोळा, त्यावर पोयट्याची माती, दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि दोन ओंजळी निंबोळी पेंड. माती जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवली, कारण पावसात ती बसते. रोप अण्णांनीच दिलं, त्यांच्या बागेतल्या फाट्याचं. अंजीर असंच करतात, पक्क्या फांदीचा तुकडा पिशवीत लावून त्याला मुळं फुटू द्यायची.

झाड जोमात आलं. मीटरभर उंचीवर शेंडा खुडला, चार दिशांना चार फांद्या ठेवल्या. तिथून पुढे मात्र माझा हात थांबला. वाढत्या झाडाला कात्री लावणं जिवावर यायचं. दोन वर्षं छाटणी केलीच नाही. फांद्या आठ-नऊ फुटांच्या छड्यांसारख्या वर गेल्या, खालून सगळ्या उघड्या. अंजिराचं फळ मुख्यतः नव्या फुटव्यावर, पानाच्या बगलेत धरतं, त्यामुळे फळं होती ती सगळी शेंड्याला. ती बुलबुल आणि वटवाघळांनी खाल्ली. सासूबाई खाली उभ्या राहून वर बघायच्या.

आमच्या भागात अंजिराचे दोन बहार धरतात. पावसाळ्यातला खट्टा आणि उन्हाळ्यात पिकणारा मिठा. मिठ्यासाठी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. पाऊस ओसरल्यावर अण्णा एका रविवारी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आणि करवत घेऊन आले. पहिली फांदी त्यांनी छाटली, दुसरी माझ्या हातात दिली. बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा, म्हणजे फूट येते तो कोंब, शोधायचा आणि त्याच्या बोटभर वर तिरपा काप घ्यायचा, म्हणजे नवी फूट बाहेर जाते आणि मधे ऊन शिरतं. आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि वाळक्या फांद्या बुडापासून काढायच्या. कापाबरोबर पांढरा चीक ठिबकतो. हातमोजे घातले नव्हते, तो मनगटावर आला आणि दोन दिवस आग होत होती.

एक मनगटाएवढी फांदी मी वरून सरळ कापायला घेतली. अर्धी कापून होते तोच ती स्वतःच्या वजनाने मोडली आणि खोडाची साल वीतभर सोलत खाली गेली. आतलं ओलं, पांढरट लाकूड उघडं पडलं. मला रडू आलं. अण्णा शांतपणे म्हणाले, जाड फांदी आधी खालून थोडी चिरायची, मग जरा पुढे वरून कापून वजन उतरवायचं आणि उरलेलं खुंट शेवटी, बुडाशी सालीचा फुगवटा असतो तो राखून. फाटलेल्या सालीच्या कडा चाकूने साफ केल्या आणि बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावली. घरच्यापुरती १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना, प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत कालवून मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघायचा. त्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी हवा.

झाड ओकंबोकं झालं. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "लेकराचं जावळ काढल्यावर दिसतं तसं दिसतंय."

आळं उकरून शेणखत दिलं, पाणी सुरू केलं. पंधरा दिवसांत डोळे फुगले आणि हिरवी टोकं दिसली. मग जवळजवळ प्रत्येक पानाच्या बगलेत हरभऱ्याएवढं फळ. परागीभवनाशिवाय ते धरतं, आमच्या पुणेरी अंजिराला त्यासाठी चिलटासारखी माशी लागत नाही, हे शाळेत शिकवलं होतं पण बघितलं तेव्हा पटलं. मार्चमध्ये पहिलं फळ पिकलं. देठाशी मान झुकते आणि साल मऊ होते, तेव्हाच तोडायचं, कारण कच्चं काढलेलं नंतर नीट गोड होत नाही. मधे चार दिवस गावाला गेलो आणि परत येऊन एकदम भरपूर पाणी दिलं, त्यात सात-आठ फळं तडकली. पाणी नेमाने, थोडं थोडं द्यायचं. या वेळी सगळी फळं हाताच्या उंचीवर होती. सासूबाईंनी स्वतः तोडली आणि पहिली वाटी अण्णांकडे पाठवली.

गेल्या जुलैत खाचाही पाडल्या. आठ-नऊ महिन्यांच्या फांदीवर झोपलेल्या डोळ्याच्या लगेच वर, साल आणि किंचित लाकूड घेऊन, नखाएवढी चकती काढायची. शेंड्याकडून डोळ्याला दाबून ठेवणारा रस येतो, तो खाचेपाशी अडतो आणि डोळा जागा होतो. सहापैकी चार डोळे फुटले. खोडाच्या सोललेल्या जागी दोन्ही बाजूंनी सालीची वळकटी येते आहे, मधे अजून बोटभर लाकूड उघडं आहे. रोज सकाळी पाणी घालताना त्यावर हात फिरवते.

आता सीताफळाची पाळी. पानं गळून गेली की जानेवारीच्या शेवटी छाटायचं आहे. या वेळी हातमोजे आणि खालून पहिला काप.