सर, माझं शून्य आलं!

आठवीत, १९८४ साली, इतिहासाच्या बाई रजेवर होत्या आणि ऑफ तासाला गणिताचे सर वर्गावर आले. आता गणित बोकांडी बसणार म्हणून आम्ही चिडीचूप. पण सरांनी पुस्तक उघडायला लावलं नाही. म्हणाले, "चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या. मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच."

हातचे घ्यायचा मला कंटाळा, म्हणून मी सोपी दिसणारी १११२ घेतली. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. उलटंसुलटं काय करणार? ९९९ वजा ९९९, शून्य. तोवर मागच्या बाकांवरून "६१७४! माझंपण ६१७४!" असा गलका सुरू झाला होता. मी हात वर केला, "सर, माझं शून्य आलं!" वर्ग खो-खो हसला.

सरांनी वही पाहिली. "पुढचं शून्य कुठे सांडलंस? पंगतीला चौघं बसलेत. एक जण जेवला नाही तरी त्याचं पान मांडायचं." ०९९९ लिहिलं आणि गाडी रुळावर आली : ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. तिथून पुढे हलताच येत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्या.

मग सरांनी सांगितलं, की हे १९४६ साली शोधणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे देवळालीच्या शाळेत मास्तर होते. नाशिकजवळच्या देवळालीत! आमच्या समजुतीप्रमाणे शोध लावणारी माणसं दाढीवाली आणि परदेशी असायची. आम्ही दहावीत गेलो त्या वर्षी, १९८६ साली, कापरेकर वारले.

६१७४च्या अंकांची बेरीज १८, आणि १८, १८चा वर्ग व १८चा घन यांची बेरीज पुन्हा ६१७४, हे मी खूप उशिरा कुठेतरी वाचलं. मला तो निव्वळ योगायोग वाटतो. नऊची गोष्ट वेगळी. अंकांची जागा बदलली तरी नऊने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही, म्हणून या खेळातली प्रत्येक वजाबाकी नऊच्या पटीत येते. बँकेत लागलो तेव्हा लेजर हाताने लिहायचे. संध्याकाळी ताळा जुळेना आणि फरक ५४ किंवा २७० निघाला, की मी आधी उलटे पडलेले अंक शोधायचो. पुष्कळदा कुणीतरी ३९च्या जागी ९३ लिहिलेले सापडायचे. साहेबांना माझी हुशारी वाटायची. मी काही बोललो नाही.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं, त्यावर १९७५–२०२५ असं छापलं होतं. १९७५ म्हणजे गणितावर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांविषयी लिहिलं ते वर्ष. पेन हातात होतंच. पाकिटाच्या पाठीवर १९७५ घेतली : सहा वजाबाक्या. २०२५ घेतली : ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. हीही सहा! आणि २०२५ म्हणजे ४५चा वर्ग. मधोमध तोडून २० आणि २५ मिळवले की पुन्हा ४५. ४५सारख्या संख्यांना तर कापरेकर संख्याच म्हणतात.

बायको म्हणाली, "अहो, तारीख कुठली आहे कार्यक्रमाची?" तारीख मी पाहिलीच नव्हती.

— एक माजी विद्यार्थी, दहावी १९८७ (तीन वजाबाक्या)