नवीन क्लॉथ घेतला? छान, काय पुसणार?

मी भाषांतरं करते, त्यामुळे इंग्रजीतलं काहीही अडलं की लोक हक्काने मला विचारतात. एक प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी येतोच: ‘क्लॉथ’ म्हणजे कापड, मग नवा शर्ट घेतल्यावर ‘आय बॉट अ न्यू क्लॉथ’ म्हटलं तर बिघडलं कुठे?

बिघडलं त्या इवल्याशा ‘अ’पाशी. नुसता ‘क्लॉथ’ म्हणजे ताग्यातलं, मीटरवर मोजायचं कापड. ‘अ क्लॉथ’ म्हटलं की तो कामाचा तुकडा होतो: पुसायला, झाकायला, अंथरायला घेतलेला. म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं, तुम्ही नवं फडकं आणलंत.

हे मला ठेच लागूनच कळलं. सुरुवातीच्या एका अनुवादात चहा सांडतो आणि बाई ‘अ क्लॉथ’ उचलते. मी लिहून मोकळी झाले, ‘तिने कापड घेतलं आणि टेबल पुसलं.’ संपादकांनी ‘कापड’भोवती पेन्सिलने गोल केला आणि समासात दोनच शब्द लिहिले: ‘किती मीटर?’

मग शर्टाला म्हणायचं काय? शर्टच म्हणा. कारण कपडे या अर्थाच्या ‘क्लोद्स’ला एकवचनच उरलेलं नाही. खरं तर तो ‘क्लॉथ’चाच पोरगा. जुन्या इंग्रजीत एकवचन ‘क्लाथ’, अनेकवचन ‘क्लाथास’. त्या अनेकवचनाचं पुढे ‘क्लोद्स’ झालं, ते अंगावरच्या कपड्यांना जे चिकटलं ते कायमचं, आणि फडक्यांसाठी ‘क्लॉथ्स’ असं वेगळं अनेकवचन करावं लागलं. म्हणून ‘टू क्लोद्स’ चालत नाही. फारच अडलं तर ‘गार्मेंट’ आहे, पण तो शब्द घरात कोणी वापरत नाही. आपल्याकडे मात्र ‘अंगावर एक धड कपडा नाही’ असं बिनदिक्कत म्हणता येतं. आणि ‘कापडं वाळत घाल’ हे ज्यांना गावंढळ वाटतं त्यांनी लक्षात घ्यावं, इंग्रजीनेही नेमकं हेच केलंय: कापडाचं अनेकवचन केलं आणि अंगात घातलं.

उच्चाराचा फार बाऊ करू नका. ‘क्लोद्स’मधला ‘द’ खुद्द इंग्रजी बोलणारेही पुष्कळदा गिळतात आणि ‘क्लोझ’ म्हणतात.

‘फॅब्रिक’ वेगळ्या घराण्यातला. मूळ लॅटिन ‘फाबेर’, म्हणजे कारागीर. इंग्रजीत तो आधी इमारतीसाठी, रचनेसाठी आला, कापडापर्यंत पोचायला 18वं शतक उजाडलं. जुन्या चर्चच्या भिंती-छपराला अजूनही ‘फॅब्रिक’ म्हणतात. शिवायला घेतलेल्या कापडाला आज हाच शब्द जास्त ऐकू येतो. पुसायच्या फडक्याला मात्र कोणी ‘फॅब्रिक’ म्हणणार नाही.

राहता राहिले वाक्प्रचार. आपण अंथरूण पाहून पाय पसरतो, इंग्रज कापड पाहून कोट बेततात. आणि ‘अ’च्या जागी ‘द’ आला की भलतंच होतं: ‘द क्लॉथ’ म्हणजे पाद्रीवर्ग. ‘मॅन ऑफ द क्लॉथ’चा कापडाचा व्यापारी झालेला मी एका हस्तलिखितात पाहिलाय. या खेपेला पेन्सिल माझ्या हातात होती.