महागडं रील, चिमूटभर वजनाचं आमिष आणि मांज्याचा गुंता

गेल्या आठवड्यात एका मित्राचा मेसेज आला, "बेटकास्टर घ्यायचाय, दोनशे डॉलरपर्यंत, कुठला घेऊ?" बेटकास्टर म्हणजे मासे गरवायच्या रॉडवर बसवायचं, आडव्या फिरकीसारखं रील. मी उत्तर लिहायला बसलो आणि अर्धा तास झाला तरी कंपनीच्या नावापर्यंत पोचलोच नाही, तेव्हा म्हटलं हे मेसेजमध्ये मावणार नाही, इथेच लिहून टाकू.

आधी माझं सांगतो. मी मूळचा मालवणकडचा, लहानपणी खाडीवर काकांबरोबर गरवायला जायचो, म्हणजे हातदोरी, गरी, शिशाचा तुकडा आणि कोळंबी, संपलं सामान. इथे डॅलसला आल्यावर पाचेक वर्षं पाण्याकडे बघितलं पण नाही, मग ऑफिसातला एकजण लुईसव्हिल लेकवर घेऊन गेला, त्याने लार्जमाउथ बास नावाचा एक मासा काढला, ते एवढं मोठं तोंड, पाण्याबाहेर उडी मारून डोकं झाडतं, आणि मी त्याच दिवशी वाया गेलो. दुसऱ्या शनिवारी दुकानात. तिथल्या माणसाने मला ८.१:१ गिअरचं, कार्बनची बॉडी, अकरा बेअरिंगवालं रील दिलं, त्याला जाड ब्रेड लाईन, म्हणजे विणलेला दोरा, भरून दिली, वर जाड हेवी रॉड, आणि मी स्वतःच्या अकलेने त्याला १/८ औंसाचं बारकं जिग, म्हणजे डोक्याला वजन असलेला हुक, बांधलं, वजन साडेतीन ग्रॅम. संध्याकाळी लेकवर उभा राहून जोरात फेकलं. आमिष माझ्यापासून आठ फुटांवर पडलं आणि रीलवर चिमणीचं घरटं तयार. पुढचा तास मी एकही मासा नाही, फक्त दोरा पकडत होतो. बाजूला एक म्हातारे अमेरिकन आजोबा खुर्ची टाकून बसलेले, ते काहीच बोलले नाहीत, फक्त जाताना खिशातली कात्री काढून मला दिली. अजून आहे माझ्याकडे.

तर हा गुंता का होतो ते आधी, कारण हे कळलं की रील कुठलं घ्यायचं हा प्रश्न अर्धा सुटतो. पतंग उडवलाय ना? फिरकी धरणारा ढील देताना फिरकी मोकळी सोडतो, पतंग सर्रर्र मांजा खेचतो, आणि मधेच वारा पडला की पतंग ओढायचा थांबतो पण फिरकी तिच्याच नादात फिरत राहते, आणि सगळा मांजा हातात भस्सकन सैल होतो. बेटकास्टर म्हणजे ती फिरकीच. आमिष हवेत जाताना स्पूलला, म्हणजे लाईन गुंडाळलेल्या चाकाला, फिरवतं, पण आमिषाचा वेग हवेमुळे कमी होत जातो आणि स्पूल मात्र आधीच्याच वेगात, मग लाईन जेवढी जातेय त्यापेक्षा जास्त सुटते, ती फुगते, आणि पुढच्या वेढ्यात अडकते. साध्या स्पिनिंग रीलमध्ये हा त्रास नाही कारण त्यात फेकताना स्पूल फिरतच नाही, लाईन कडेवरून वेढ्या-वेढ्याने निघून जाते.

मग स्पिनिंगच का नाही वापरायचं? वापरा की. पाव औंसाच्या खालचं सगळं मी आजही स्पिनिंगवरच फेकतो. पण बास राहतो गवतात, बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांत, जेट्टीच्या खाली, आणि तिथून चार पौंडांचा मासा ओढून काढायला जाड लाईन आणि विहिरीच्या रहाटासारखी सरळ ओढ लागते. दुसरं म्हणजे नेम. अंगठा स्पूलवर असल्यामुळे आमिष हवेत असतानाच त्याला थांबवता येतं, बुंध्याच्या अलीकडे वीतभर. आपल्याकडे हल्ली तळ्यांवर मरळ पकडणारी पोरं रबरी बेडूक आणि पन्नास पौंडी ब्रेड घेऊन हेच करतात, कमळाच्या पानांतून मरळ बाहेर खेचायची तर दुसरा उपाय नाही.

आता खरेदी. माझं मत उलटं आहे, रील सगळ्यात शेवटी निवडायचं. आधी ठरवा की तुम्ही किती वजनाचं आमिष फेकणार, कारण रॉडवर लिहिलेलं असतं ३/८ ते १ औंस वगैरे, आणि ते शोभेसाठी नसतं. आमिष हलकं असलं की रॉड वाकत नाही, रॉड वाकत नाही म्हणून आपण हाताने झटका मारतो, झटक्याने स्पूल एकदम उसळतो आणि गुंता तिथेच झाला, आमिष हातातून सुटायच्या आधीच. माझी पहिली संध्याकाळ म्हणजे हेच, आणि मी तीन महिने रीलला शिव्या घालत होतो. पहिला रॉड सात फुटी, मिडियम हेवी (जरा ताठ), फास्ट टिप (टोकाशीच वाकणारा), आणि त्यावर ३/८ किंवा १/२ औंसाचं काहीतरी, म्हणजे स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष) किंवा टेक्सास रिग. टेक्सास रिग म्हणजे पुढे गोळीच्या आकाराचं वजन, मागे वाकडा हुक आणि त्यात रबरी गांडूळ अशा बेताने टोचलेलं की हुकचं टोक आतच लपतं आणि गवतात अडकत नाही. बास पकडायला यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचं काही नाही.

गिअर रेशोचा फार बाऊ करतात लोक. ७:१ म्हणजे हँडलचा एक फेरा आणि स्पूलचे सात, बस. एकच रील घेणार असाल तर सातच्या आसपासचं घ्या, एका फेऱ्यात तीसेक इंच लाईन आत येते. टेक्सास रिग आणि जिगला आमिष रॉडने खेळवायचं असतं, रील फक्त ढिली लाईन पटकन गोळा करायला, म्हणून तिथे सात-आठ बरं. खोल जाणारं क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचं टणक आमिष, पाण्याला जबरदस्त अडतं, ते ओढायला पाच-साडेपाचचं रील लागतं, माझ्या ८.१ वर मी एकदा सकाळभर क्रँकबेट ओढलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात माऊस धरवेना. बेअरिंगच्या आकड्याकडे बघूच नका. पाच चांगली बेअरिंग असलेलं रील अकरा भिकार बेअरिंगवाल्यापेक्षा गोड फिरतं. दीडशे डॉलरच्या आसपास आता इतकी छान रीलं मिळतात की त्यावरचे पैसे पहिल्या वर्षी तरी वायाच. त्यापेक्षा एक गोष्ट दुकानातच बघा, साईड प्लेट, म्हणजे रीलच्या बाजूचं झाकण, एका हाताने, स्क्रूड्रायव्हरशिवाय उघडते का आणि ब्रेक बाहेरून बदलता येतो का. आणि हँडल डावीकडचं की उजवीकडचं ते स्वतःच्या सवयीने ठरवा, त्यावर इंटरनेटवर भांडणारे लोक वेगळेच.

आता सेटिंग, ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसलो.

हँडलच्या बाजूला एक छोटा गोल नॉब असतो, स्पूल टेन्शन. जुनी पद्धत अशी की आमिष बांधा, रॉड आडवा धरा, थंब बार (स्पूल मोकळा सोडणारी अंगठ्याखालची पट्टी) दाबा, आमिष हळूहळू खाली यायला हवं आणि जमिनीला टेकलं की स्पूल जागच्या जागी थांबायला हवा. पहिल्या दिवशी हेच करा. पण ही पद्धत पकडून बसू नका, कारण टेन्शन म्हणजे स्पूलच्या दोन्ही टोकांना दाबून धरणं, ते पूर्ण फेकीभर सारखंच धरून ठेवतं, लांब जाऊच देत नाही. हात बसला की मी सांगतो ते करून बघा, नॉब इतका सैल करा की स्पूल अंगठ्याने डावी-उजवीकडे टक टक हलतो, मग तेवढाच आवळा की ती टक टक जेमतेम बंद होते, आणि मग त्या नॉबला विसरून जा. उरलेलं काम ब्रेकवर सोडा.

ब्रेक दोन जातीचे. सेंट्रिफ्यूगलमध्ये स्पूलच्या बाजूला छोटे छोटे प्लास्टिकचे ठोकळे असतात, स्पूल जोरात फिरला की ते बाहेर फेकले जाऊन कड्याला घासतात, म्हणजे सुरुवातीला जेव्हा वेग सगळ्यात जास्त तेव्हा जोर पण जास्त, आणि शेवटी शेवटी जवळजवळ नाहीच. ठोकळे चालू-बंद करायचे असतील तर समोरासमोरच्या जोड्यांनी करा, नाहीतर स्पूल थरथरतो. मॅग्नेटिकमध्ये बाहेर आकड्यांची चकती असते आणि आत चुंबक, ते न शिवता धरून ठेवतं, फेकीच्या शेवटापर्यंत थोडं थोडं. शिकताना मला मॅग्नेटिक सोपं वाटलं कारण चकती फिरवली की झालं, दर वेळी झाकण उघडायला नको. आता मात्र मी सेंट्रिफ्यूगलवरच असतो, शेवटचे दहा फूट त्याच्यात जास्त मिळतात. आणि हो, हल्ली स्पूलचा वेग मोजून आपोआप ब्रेक मारणारी इलेक्ट्रॉनिक रीलं पण आहेत, त्यांचा फेकताना किण्ण्ण आवाज येतो, मस्त वाटतं, पण पहिलं रील ते घेतलंत तर अंगठा कधीच शिकणार नाही.

सुरुवात ब्रेक जवळजवळ पूर्ण लावून करा आणि दहा फेकी स्वच्छ गेल्या की एक आकडा कमी करा. वाऱ्याच्या विरुद्ध फेकायचं असेल तर परत वाढवा, लाज कसली. आमिष बदललं की सेटिंग परत बघा, हे मी आजही विसरतो आणि अर्धा औंसाच्या जिगवरून हलक्या आमिषावर गेलो की पहिल्याच फेकीला घरटं.

गुंता कधी झाला त्यावरून चूक कुठे आहे ते कळतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. फेकल्याबरोबर झाला तर तुम्ही झटका मारलाय किंवा ब्रेक कमी आहे. मधे हवेत असताना झाला तर वारा, नाहीतर आमिष हलकं. आमिष पाण्यात पडलं आणि मग झाला तर ब्रेकचा काही दोष नाही, अंगठा झोपला होता. पाण्याला टेकायच्या क्षणभर आधी अंगठा स्पूलवर टेकवून थांबवायचाच, तिथे कुठलाच ब्रेक मदतीला येत नाही.

हा अंगठा मला काकांच्या हातदोरीमुळे लवकर कळला असं मला वाटतं. दोरी सोडताना ती तर्जनीवरून जायची आणि काका सांगायचे, घट्ट पकडू नको, फक्त तिथे बोट आहे हे दोरीला कळू दे. स्पूलवर अंगठा तसाच, टेकलाय न टेकलाय असा. फुगलेली लाईन अंगठ्याला आधी लागते, डोळ्याला नंतर दिसते.

लाईन. शिकायला साधी नायलॉनची मोनो, १४-१५ पौंडी, स्वस्त आहे, गुंता झाला तर कापून फेका. स्पूल काठोकाठ भरू नका, काठापासून तीनेक मिलिमीटर खाली ठेवा. फ्लुरोकार्बनची लाईन घेतली तर ते पाण्यात बुडतं, टोच लगेच कळते, पण गुंत्यात त्याला घडी पडली की तिथेच नंतर तुटतं, आणि ते तुटतं मोठ्याच माशाला. ब्रेड भरायची तर आधी खाली थोडी मोनो भरा, नाहीतर ब्रेड स्पूलवर घसरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाईन धरून सोडणारा ब्रेक, बिघडला.

गुंता सोडवायची एक युक्ती: ओढाओढ न करता अंगठा गुंत्यावर जोरात दाबा, तसाच दाबून हँडल दोन-तीन फेरे फिरवा, मग थंब बार दाबून लाईन हळू ओढा. निम्म्या वेळा सुटतं. उरलेल्या निम्म्या वेळा आजोबांची कात्री.

तेलाचं एक सांगून टाकतो कारण मी स्वतः शेण खाल्लंय. दोन्ही बाजूंच्या स्पूल बेअरिंगला एकेक थेंब, गिअरला ग्रीस, संपलं. मी एकदा जास्त प्रेमाने तेल सोडलं, ते ब्रेकच्या कड्यावर पसरलं, ठोकळे घासायचे तर घसरायला लागले, आणि ब्रेक पूर्ण लावूनही रील मोकाट. ही यंत्रं तशी घड्याळाच्या घराण्यातली, केंटकीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने पहिलं असं रील बनवलं म्हणतात, आणि स्वीडनची आबू कंपनी तर आधी घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर बनवायची. तेव्हा घड्याळाला जेवढं तेल घालाल तेवढंच.

मार्चमध्ये लेक फोर्कला गेलो होतो, डॅलसहून पूर्वेला दीडेक तास. टेक्सासचा सगळ्यात मोठा बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ च्या जानेवारीत इथेच निघाला. पाण्यात अजून बुंधे उभे आहेत. ७.१ चं साधं रील, १५ पौंडी फ्लुरो, ३/८ औंसाचं टेक्सास रिग, एका बुंध्याच्या सावलीत टाकलं, अंगठ्याने थांबवलं, खाली जाताना लाईन जरा बाजूला सरकली आणि मी रॉडला झटका हाणला. मासा वीस इंच भरला. फोर्कला सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवता येत नाही, नियम आहे, फोटो काढून सोडला.

काकांना व्हिडिओ पाठवला. दोन मिनिटांत फोन. "सोडलंस? एवढो मासो सोडलंस? मगे गरवूक कित्याक गेलंस?" मी नियम समजावला, स्लॉट लिमिट वगैरे, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं रील केवढ्याचं. मी निम्मी किंमत सांगितली, तरी पलीकडे बराच वेळ शांतता होती.

तर मित्रा, रॉड घेऊन ये, रील नाही घेतलंस तरी चालेल. ते ८.१ वालं माझ्याकडे पडून आहे, आता त्याला अर्धा औंसाचं जिग बांधलं की सोन्यासारखं चालतं, महिनाभर वापर आणि मग ठरव. शनिवारी पहाटे साडेपाचला लुईसव्हिलच्या धक्क्यावर. चहाचा थर्मास आणि खारी मी आणतो, कात्री पण आहे.