आगोटीच्या दिवसांत रत्नागिरी पायी

२७ मे, रत्नागिरी. रात्र.

रत्नागिरी शहर बघायचं म्हणून मुद्दाम कुणी येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पाहुणे गणपतीपुळ्याला जातात, जाताना मारुती मंदिरापाशी चहा घेतात, परतीच्या वाटेवर हापूसच्या पेट्या गाडीत टाकतात आणि गेले. शहर बाजूलाच राहतं. सई, माझी भाची, डोंबिवलीला वाढलेली. तीही लहानपणापासून दर मे महिन्यात येते, आंबे खाते, भाट्याच्या वाळूत खेळते, पण शहराच्या आत कधी पायी हिंडलेली नाही. यंदा बारावी झाली. म्हटलं, चल, आज गाडी काढायची नाही. थिबा पॅलेसपासून बंदरापर्यंत चालत जाऊ, आणि जाता जाता आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायचं, सामानही घेऊ.

"एवढ्या उन्हात?" तिची आई म्हणाली. एवढ्याच उन्हात. जून लागला की हे गाव दुसरंच होतं. कोकणातलं शहर बघायचं तर पावसाच्या तोंडावर बघावं, असं माझं ठाम मत आहे.

थिबा पॅलेस उघडायच्या वेळेला आम्ही दारात. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाराणीला बोटीत घालून मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. हा राजवाडा मात्र पुरा झाला १९१० साली, आणि राजा वारला १९१६ च्या डिसेंबरात. म्हणजे रत्नागिरीत काढलेल्या तीस वर्षांपैकी जेमतेम सहा वर्षं तो या वाड्यात राहिला. बाकीची सगळी दुसऱ्या बंगल्यांत. लोक फोटो काढतात ते वाड्याचे, त्या आधीच्या चोवीस वर्षांबद्दल कुणी विचारत नाही.

वाड्यात खालच्या मजल्यावर वस्तुसंग्रहालय आहे. मला त्यापेक्षा खिडक्या आवडतात. वरच्या बाजूला अर्धगोल, कोरीव लाकडाच्या. सई एका खिडकीखाली बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "आत्या, त्याच्या मुली कोणाशी खेळत असतील गं?" मी इतक्या जणांना हा वाडा दाखवला, असं कुणी विचारलं नव्हतं. चार राजकन्या. धाकटी तर इथेच जन्मली, १८८७ साली. थोरलीने इथल्याच एका माणसाशी संसार केला. राजा गेल्यावर १९१९ मध्ये राणी ब्रह्मदेशात परतली, पण थोरलीची मुलगी टुटू रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत, गरिबीत, म्हातारी होऊन इथेच गेली. राजाची नात आपल्याच गावात हातावर पोट घेऊन जगली, हे सांगताना माझा आवाज जड होतो. इथल्या शाळेत आम्हाला थिबा शिकवला, टुटू नाही शिकवली.

"पण रत्नागिरीच का?" सईचा पुढचा प्रश्न. उत्तर द्यायला तिला थिबा पॉइंटवर नेलं. तिथून काजळी नदीचं मुख दिसतं, भाट्याचा पूल दिसतो आणि पुढे नुसता समुद्र. पाठीमागे सह्याद्री. म्हटलं, रेल्वे विसर, ती १९९० च्या दशकात आली. हायवे विसर. आता सांग, मुंबईहून इथे कशी येशील? ती म्हणाली, बोटीने. बरोबर. आणि जून ते श्रावण बोटी बंद. माझे आजोबा सांगायचे, मे संपता संपता शेवटची बोट भरून यायची आणि मग नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत मुंबई लांबच्या लांब. घाटावरून आंबा घाटाच्या वाटेने जे येईल ते येईल. ज्याला कुणाची भेट होऊ द्यायची नाही असा राजा ठेवायला सरकारला याहून सोयीची जागा कुठे मिळणार होती? वर्षातले चार महिने पाऊसच पहारा करायचा.

तिथून उतरून शहरात आलो तोवर सईची पाण्याची बाटली संपलेली. एका टपरीवर कोकम सरबत घेतलं. (सरबत चांगलं होतं, साखर कमी, मीठ नेमकं.)

पतितपावन मंदिरात मी नेहमी थोडा वेळ टेकते. आत लक्ष्मीनारायण. १९३१ सालचं मंदिर, सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत उघडं असावं म्हणूनच बांधलेलं. तेव्हा ही साधी गोष्ट नव्हती. सावरकरांना १९२४ मध्ये तुरुंगातून सोडलं ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि राजकारण करायचं नाही या अटींवर, आणि ती स्थानबद्धता १९३७ पर्यंत चालली. राजकारण बंद, तर अस्पृश्यतेविरुद्धचं काम त्यांनी इथे हाती घेतलं, सहभोजनं घातली. त्यांच्या इतर मतांवरून आमच्या घरातच दोन पक्ष आहेत, ते असोत. मंदिराला पैसा घातला तो भागोजीशेठ कीरांनी. हे नाव मी सईला दोनदा म्हणायला लावलं. रत्नागिरीतल्या गरीब भंडारी घरातला मुलगा, मुंबईला गेला, कंत्राटदार म्हणून मोठा झाला आणि मिळवलेलं गावात आणून लावलं. दादरच्या शिवाजी पार्कातली स्मशानभूमीही त्यांचीच देणगी. दादरवरून रोज लोकल पकडणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

बाहेरची माणसं सरकारने इथे आणून अडकवली, आणि इथली माणसं पोटासाठी मुंबईला गेली. या गावाचा सगळा इतिहास मला या दोन वाटांवर उभा दिसतो. सईचे आजोबा, म्हणजे माझे बाबा, दुसऱ्या वाटेने गेले. म्हणून ती डोंबिवलीकर.

नगर वाचनालयाच्या दारावरून जाताना तिला १८२८ हे साल सांगितलं तर तिने थांबून बघितलं. मुंबई-ठाणे रेल्वे धावायच्या पंचवीस वर्षं आधी या गावात वाचनालय होतं. आत गेलो नाही, बाजार गाठायचा होता.

रामआळी. इथे मी पाय सोडून हिंडते. मेच्या शेवटच्या आठवड्यात या आळीत जे असतं ते एरवी कधीच नसतं. दुकानांच्या बाहेर निळ्या ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या उभ्या केलेल्या, पडवीला लावायच्या प्लॅस्टिकचे रोल, गमबुटांचे जोड दोरीला टांगलेले, जाड्या मिठाच्या गोणी. खेड्यांतून आलेली माणसं हातात यादी घेऊन. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. मग घरात काय हवं, किती हवं, हे बायकांना पाठ असतं. आता दुकानं पावसातही उघडी असतात, ऑनलाइनचे खोके चिखलातून येतात, कुणाचं काही अडत नाही. तरी आगोट भरली जातेच. मी भरते. घरात कुळीथ, आमसुलं, सुकं म्हावरं नसताना मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागला तर मला झोप यायची नाही.

आमसुलं नेहमीच्या दुकानातून घेतली. दुकानदार आमच्या ओळखीचे, त्यांनी दोन थाळ्या पुढे केल्या. सईला म्हटलं, आता बघ. एका थाळीतली काळीभोर, चकचकीत. दुसरीतली जांभळट, थोडी सुरकुतलेली, अंगावर मिठाचे कण. बोटांनी दाबून बघितली. पहिली कडक, बोटाला काही लागलं नाही. दुसरी दबली आणि बोटाचं टोक गुलाबी झालं. "ही घ्या वहिनी, चार पुटं दिलेली आहेत," दुकानदार म्हणाले. म्हणजे रातांब्याची, कोकमाच्या फळाची, सालं फळाच्याच खारवलेल्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, सुकली की परत बुडवायची, असं चार वेळा. त्या चार उन्हांचा पैसा द्यायचा असतो. सईने एक तोंडात टाकलं आणि दोन्ही डोळे मिटले. मग आगळाची, म्हणजे त्याच खारवलेल्या रसाची, बाटली, तिरफळं, कुळथाचं पीठ, फणसपोळी. आंबापोळी घरची आहे, रायवळ आंब्याची. हापूसची करू नये असं माझी आई म्हणायची आणि माझंही तेच म्हणणं आहे, रायवळाच्या आंबटपणाशिवाय तिला चव नाही.

दुकानाच्या पायरीखाली छत्र्या दुरुस्त करणारे एक काका पोतं पसरून बसले होते. पोत्यावर मोडक्या छत्र्यांतून काढून घेतलेल्या काड्यांचा ढीग. माझ्या छत्रीची एक काडी तुटलेली, ती मुद्दाम पिशवीत टाकून आणली होती. काकांनी ती उघडली, ढिगातून मापाची काडी हाताने चाचपून काढली, नजर छत्रीवर आणि बोटं ढिगात. जुनी काडी सोडवली, नवी अडकवली, कापडाचं टोक काळ्या दोऱ्याने दोनदा गुंडाळून टाचलं आणि दात लावून दोरा तोडला. मग छत्री डोक्यावर धरून कापडाला कुठे भोक दिसतं का बघितलं. सई म्हणाली, "आमच्याकडे टाकूनच देतात." काका म्हणाले, "मुंबैला पाऊस कमी, बाय." तिला ते पटलं नाही, पण वाद घातला नाही.

टिळक आळी जवळच. लोकमान्यांचा जन्म इथला, २३ जुलै १८५६. जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, गार जमीन. ऐन पावसातला जन्म, हे सईनेच बोलून दाखवलं. घर नीट राखलंय. तिथे आम्ही थोडं थांबलो, फार नाही, कारण एक सहल आत शिरली आणि मुलांच्या गलक्यात काही ऐकू येईना.

मांडवीला समुद्र खवळायला लागलेला. इथली वाळू काळी, आणि रत्नदुर्गाच्या पलीकडे गेलं की पांढरी, म्हणून हा काळा समुद्र आणि तो पांढरा. जेट्टीच्या कमानीत फोटो काढून झाले. पिशव्या जड झाल्या होत्या, तेव्हा मिरकरवाड्याच्या मासळी बंदरापर्यंत रिक्षा केली. पायी जाण्याचा हट्ट सामानापुढे चालत नाही.

मिरकरवाडा बघितल्याशिवाय रत्नागिरी बघितली असं कुणी म्हणू नये. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, कारण हे मासळीच्या विणीचे दिवस आणि समुद्रही खवळलेला. त्यामुळे आज बंदरात दोन कामं एकाच वेळी चाललेली. काही होड्या अजून मासळी उतरवतायत, बर्फाचे क्रेट धडाधड आपटतायत, आणि काहींची जाळी उतरवून झालीत. जाळ्यांचे ढीग टेम्पोत चढवणारे खलाशी बहुतेक परप्रांतातले, त्यांची गावाला जायची गडबड. लवकरच होड्या काठावर ओढतील, शाकारतील, आणि इतकं गजबजलेलं बंदर दोन महिने बसून राहील. त्या घरांतला पैशाचा ओघही तेवढे दिवस थांबतो, हे आपण पापलेट महागलं म्हणून कुरकुरताना लक्षात ठेवायला हवं असं मला फार वाटतं.

सुक्या मासळीच्या मावशीकडे सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, बघितले. सोड्याला हात लावला की कळतं: नीट वाळलेला असेल तर मुठीत खळखळतो, ओलसर असेल तर एकमेकांना चिकटतो. मावशीने मूठभर उचलून माझ्या कानाशी हलवले. "ऐक," म्हणाली. घेतले. सुके बांगडे, जवळा, थोडे बोंबील. भाव दर वर्षी चढतोच, पण कोळंबी सोलून, वाळवून एवढीशी उरते, त्यात घासाघीस करायला जीभ रेटत नाही. सईने विचारलं, "मावशी, पावसात काय करता तुम्ही?" मावशी म्हणाली, "हेच विकतो. म्हणून तर मे महिन्यात सुकवतो." आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

संध्याकाळी घरी येऊन सगळं ओटीवर पसरलं. आमसुलं चिनी मातीच्या बरणीत गेली, सोडे उद्या ढग नसतील तर आणखी एक ऊन खातील. सईला परवाच्या तुतारी एक्सप्रेसने जायचंय, तिच्या वाट्याचं वेगळं बांधायला घेतलं. आमसुलं, आगळ, फणसपोळी यावर तिची आई खूश. सोड्यांची पुडी निघाली तेव्हा मात्र म्हणाली, डब्यात वास सुटेल, राहू दे. सईने ती पुडी उचलून तीन पिशव्यांत गुंडाळली, वर आंबापोळीचा डबा ठेवला आणि म्हणाली, "मी माझ्या सीटखाली ठेवीन. आणि आत्या, सोड्याच्या खिचडीला खोबरं आधी की नंतर, ते लिहून दे."