एकच किडनी दिसली, तर गर्भाशयही बघा

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'डावी किडनी दिसत नाही, उजवी आकाराने मोठी' असं आलं, की पुढची सगळी चर्चा उजवीभोवती फिरते. एकीवर भागेल का, लघवीत प्रोटीन जातं का, बीपी कधी तपासायचं. मूल मुलगी असेल तर आणखी एक प्रश्न असतो आणि तो बहुतेक वेळा राहून जातो: गर्भाशय कसं आहे?

दोन्हींचा संबंध गर्भाच्या चौथ्या ते नवव्या आठवड्यात जुळतो. (हे आठवडे गर्भधारणेपासूनचे. सोनोग्राफीवाले शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून त्यांच्या हिशेबात दोन मिळवा.) कण्याच्या दोन्ही बाजूंच्या ऊतीपट्टीतून एकामागून एक तीन किडन्या तयार होतात. पहिली मानेपाशी, कामाला न लागताच विरते. दुसरी थोडे आठवडे लघवी तयार करते आणि तीही जाते, पण तिची नळी मागे उरते. हीच वुल्फियन नलिका. पाचव्या आठवड्यात तिच्या खालच्या टोकाजवळ एक कोंब फुटतो, तो शेजारच्या ऊतीत शिरतो आणि तिसरी, कायमची किडनी सुरू होते. कोंबाच्या फांद्यांतून मूत्रवाहिनी आणि लघवी गोळा करणाऱ्या नळ्या होतात, ऊतीतून नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही: ऊतीतून जीडीएनएफ नावाचं प्रथिन आलं नाही तर कोंब फुटत नाही, आणि कोंब पोचला नाही तर ऊती मरून जाते.

सहाव्या आठवड्यात दोन्ही बाजूंना एकेक मुलेरियन नलिका निघते, जिच्यापासून पुढे गर्भनलिका आणि, दोन्ही नलिका मध्ये जुळून, गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग होतो. तिचं टोक वुल्फियन नलिकेला चिकटून, तिच्याच मागावर खाली सरकतं. वुल्फियन नलिका मध्येच संपली तर मुलेरियनही तिथेच थांबते. म्हणजे एका बाजूची वुल्फियन नलिका बिघडली, की त्याच बाजूची किडनी आणि त्याच बाजूचं अर्धं गर्भाशय, दोन्ही धोक्यात. नलिका धड असून फक्त कोंब फुटला नसेल, तर किडनी नसते पण गर्भाशय व्यवस्थित असतं. म्हणूनच एक किडनी असलेल्या प्रत्येक मुलीत दोष सापडत नाही. साधारण तिघींतल्या एकीत सापडतो. अंडाशयं या नळ्यांपासून बनतच नाहीत, त्यामुळे ती बहुधा ठीक असतात आणि वयात येणं वेळेवर होतं. फसगत होते ती इथेच.

सगळ्यात जास्त त्रास देणारा प्रकार असा: गर्भाशयाचे दोन भाग जुळलेच नाहीत, आणि किडनी नसलेल्या बाजूची योनी पडद्याने बंद. दुसरी बाजू मोकळी असल्याने पाळी दर महिन्याला येते, त्यामुळे अडथळ्याची शंकाच कुणाला येत नाही. बंद बाजूला रक्त साठत जातं. पाळीतलं दुखणं महिन्यागणिक वाढतं, पाळी संपल्यावरही थांबत नाही, कधी ओटीपोटात गाठ लागते. 'पाळीत दुखतंच' म्हणून गोळ्या दिल्या जातात, साठलेलं रक्त गर्भनलिकेतून उलटं पोटात जातं आणि एंडोमेट्रिओसिस होतो, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजते. एमआरआयमध्ये चित्र स्पष्ट होतं. उपाय म्हणजे पडदा पुरेसा रुंद कापून काढणं. नुसतं भोक पाडून रक्त काढलं तर भोक बुजतं आणि आत पू होतो.

गर्भाशय बघायच्या वेळा दोनच. जन्मानंतरचे पहिले काही आठवडे, कारण आईच्या इस्ट्रोजेनमुळे ते तेव्हा फुगलेलं असतं. आणि नंतर छातीची वाढ सुरू झाल्यावर, पाळी यायच्या आधी. मधल्या वर्षांत ते इतकं लहान असतं की 'दिसलं नाही' या शेऱ्याला काही अर्थ नसतो. आपल्याकडे पीसीपीएनडीटी कायद्यामुळे पोटातल्या बाळाचं लिंग रिपोर्टमध्ये येत नाही, येऊही नये. म्हणजे अठरा-वीस आठवड्यांच्या स्कॅनला एकच किडनी दिसली, तरी हा प्रश्न मुलगी जन्मल्यावर आठवणीने विचारावा लागतो. फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बारा वर्षांनी कुणाच्या लक्षात राहत नाही.

त्याआधी किडनी खरोखर नाही ना, हे पक्कं करा. तिसरी किडनी कटिभागात बनून सहाव्या ते नवव्या आठवड्यात वर चढते. खालीच अडकली तर मूत्राशयामागे शोधावी लागते. किडनीच्या माथ्यावर बसणारी ॲड्रिनल ग्रंथी मात्र वेगळ्या ऊतीपासून, आपल्या जागीच बनते. किडनी शेजारी नसेल तर ती चपटी, आडवी पडलेली दिसते. ही खूण उपयोगी आहे, पण किडनी खाली असेल तेव्हाही ती दिसते.

मुलग्यांत मुलेरियन नलिका आठव्या आठवड्यापासून वृषणातल्या एएमएच हार्मोनमुळे विरते, आणि वुल्फियनपासून शुक्रवाहिनी होते. म्हणून एक किडनी नसलेल्या मुलग्यात त्या बाजूची शुक्रवाहिनी आहे का, हे अंडकोषात बोटांनी चाचपून बघावं. दोन्ही शुक्रवाहिन्या नसून किडन्या मात्र दोन्ही शाबूत असतील, तर नलिका कोंब फुटून गेल्यानंतर बिघडली असं धरायचं, आणि मूल हवं असेल तर आधी पती-पत्नी दोघांची सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांच्या आनुवंशिक आजाराच्या जनुकाची तपासणी करायची, कारण असा बिघाड बऱ्याचदा त्याच जनुकामुळे होतो.